गळितापूर्वी गळती पाहा

(जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइलगळतीविषयी अनुभवाच्या चार गोष्टी)
— एक ऊस वाहतूकदार सभासद, इस्लापूर



दसरा जवळ आला की आपल्या भागात दोन ठिकाणी लगबग सुरू होते. कारखान्यावर बॉयलर पेटवायची आणि गावोगाव ट्रॅक्टर धुवायची. खंडेनवमीला आपण पाने-पकडी मांडून पूजा करतो, ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्याच ट्रॅक्टरच्या पोटाखाली जमिनीवर जो काळा डाग पडलेला असतो, त्याकडे कितीजण वाकून पाहतात? "जुनी गाडी आहे, थोडं टपकणारच," असे म्हणून आपण नारळ फोडतो आणि मोकळे होतो. मीही कित्येक वर्षे हेच करीत आलो. त्याची किंमत एका हंगामात मोजावी लागली, म्हणून हा लेख लिहावासा वाटला. मी इंजिनिअर नाही. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवणारा आणि अडले की मिस्त्रीच्या शेजारी बसून पाने देणारा माणूस आहे. तेव्हा जे पाहिले आणि शिकलो, तेवढेच सांगतो.

आपल्या घरची जुनी जित्राबे

आपल्या गटात आजही जुन्या ट्रॅक्टरांची संख्या काही कमी नाही. त्यांची कुळकथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. महिंद्राने परदेशातील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने बी-२७५ हा ट्रॅक्टर १९६५ पासून आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. मद्रासच्या टाफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन आणला. सरकारी एचएमटी कंपनीने हरियाणातील पिंजोरला १९७१ पासून झेटर काढला, तर पंजाबचा स्वराज १९७४ साली बाजारात आला. ही लोखंडी जनावरे मोठी चिवट. नांगर, रोटा, थ्रेशर, उसाची ट्रॉली, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्यांनी ओढले. मालक बदलले, रंग बदलले, इंजिने दोन-दोन वेळा बांधली गेली, तरी ती चालतच आहेत. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, पण त्याने बनवलेले झेटर शेतात अजून दिसतात.

ही यंत्रे ज्या काळात बनली, त्या काळी दोन लोखंडी भागांच्या सांध्यात कागदाचे किंवा बुचाचे पॅकिंग घालीत. फिरत्या शाफ्टवर रबरी ऑइल सील असे, आणि काही इंजिनांत तर क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचे सील बसवीत. कागद आक्रसतो, बूच वाळते, रबर उष्णतेने कडक होते आणि दोरी झिजते. म्हणजे जुना ट्रॅक्टर गळतो यात नवल काही नाही. तो कुठून गळतो आणि किती गळतो याचा हिशेब आपण ठेवीत नाही, चूक तिथे होते.

माझ्यावर आलेली वेळ

माझ्याकडे १९८४ सालचा मॅसी आहे. तिसऱ्या हाताचा घेतलेला. क्लच हाउसिंगच्या बुडाला एक लहान छिद्र असते आणि त्यात एक दुमडलेली पिन सैल लोंबत असते, हे जुन्या मॅसीवाल्यांना ठाऊक असेल. माझ्या ट्रॅक्टरच्या त्या छिद्रातून रोज सकाळी वाटीभर तेल पडलेले दिसे. मी काय करावे? पिन काढली, छिद्रात चिंधी कोंबली आणि वरून लांबी लिंपली. जमीन कोरडी झाली. मी खूश!

पंधरा दिवसांनी भरली ट्रॉली चढाला लागली की इंजिन नुसते ओरडायचे आणि चाक फिरायचे नाही. जळका वास सुटला. भोकरला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"मालक, हे भोक कामून बुजवलं?"

"चाचा, ऑइल गळू लालं होतं."

"गळण्यासाठीच ठेवलंय ते कंपनीनं! सील गेलं तर तेल बाहेर पडावं, क्लचवर जाऊ नये म्हणून. गाडी तुम्हाला सांगू लालती, अन् तुम्ही तिचं तोंडच बंद केलं."

क्लच प्लेट तेलात भिजून वाया गेली होती. ट्रॅक्टर मधून दोन भागांत खोलावा लागला. त्या वेळी चाचांनी मागच्या चाकांकडे बोट दाखवले. उजव्या ड्रमच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ होता. "हे पण करून घ्या," ते म्हणाले. मी म्हणालो, "हंगाम संपू द्या. आता टोळी थांबली आहे." चाचा काही बोलले नाहीत.

जानेवारीचे दिवस होते. रात्री साडेनऊच्या सुमारास दोन ट्रॉल्या भरून निघालो. इस्लापूरकडचा आपला मुलूख कसा आहे ते सांगायला नको. पैनगंगेच्या अंगाला उतरणारे माळ, ओढे, वळणे. एका ओढ्याच्या पुलाआधी लांब उतार आहे. गिअर खालचा टाकला होता, पण मागून दोन ट्रॉल्यांचे ओझे रेटीत होते. मी ब्रेक दाबला. डावा ब्रेक धरला, उजवा मात्र पायाखाली नुसताच गेला. उजव्या बाजूचे लायनर तेलाने निथळत होते. ट्रॅक्टर एकदम डावीकडे ओढला गेला आणि ट्रॉली तिरपी होऊन मागून अंगावर यायला लागली. हातात स्टिअरिंग राहिले तेवढेच. नशिबाने डाव्या बाजूला पूल सुरू व्हायच्या आत एक नांगरलेले रान होते. ट्रॅक्टर त्या काळ्या ढेकळांत रुतला आणि मागची ट्रॉली उलटून ऊस रस्त्यावर पसरला.

एरवी फडातून निघताना टोळीतील एखादी बाई लेकराला घेऊन उसावर बसते. त्या रात्री कोप्यांवर कुणाचा तरी पाहुणा आला होता, म्हणून कोणी बसले नाही. माझ्या शहाणपणाने कोणी वाचले असे मला म्हणता येणार नाही. उजव्या बाजूचे सील आणि लायनर त्या महिन्यात बदलले असते तर दोन दिवस काम थांबले असते. प्रत्यक्षात आठ दिवस थांबले. रस्त्यावरचा ऊस वाळला, टोळीचे खाडे झाले आणि अजूनही त्या उताराला लागलो की पायाला घाम येतो.

थेंबाचा हिशेब

आता पैशाचे बोलू. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दहा सेकंदांना एक थेंब पडतो असे धरा. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० थेंब, म्हणजेच १८ मिलिलिटर. दिवसाचे दहा तास काम धरले तर १८० मिलिलिटर. १२० दिवसांच्या हंगामात हे २१ लिटरच्या वर जाते. इंजिन ऑइलचा भाव लिटरला ३०० रुपये धरला तरी साडेसहा हजार रुपये मातीत गेले. शिवाय ट्रॅक्टर उभा असताना पडते ते वेगळेच.

आणि हे झाले नुसते तेलाचे मोल. लहान ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये सगळे मिळून सहा-सात लिटर ऑइल असते. त्यातले दोन-अडीच लिटर कमी झाले आणि ड्रायव्हरने काडी पाहिली नाही, तर चढावर पंप हवा ओढतो, बेअरिंगला तेल पोचत नाही आणि क्रँक धरतो. मग ग्राइंडिंग, बेअरिंग, रिंगा-पिस्टन, सगळाच खर्च.

तिसरा तोटा उसाचा. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपले शेतकी खाते सांगत असते, ते उगाच नाही. तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. २००९ पासून उसाचा दर एफआरपीने ठरतो आणि एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे एका ट्रॅक्टरची गळती शेवटी सगळ्या सभासदांच्या उताऱ्याला थोडी का होईना, लागतेच.

आधी ओळखा, मग पाना घ्या

बहुतेकजण तेल दिसले की जवळचे बोल्ट आवळत सुटतात. असे करू नये. तेल वरून गळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे जाते आणि खालच्या टोकाला थेंब धरते. थेंब पडतो त्या जागी दोष असेलच असे नाही. यासाठी चाचांची पद्धत सांगतो.

प्रथम इंजिन गार असताना घाण खरवडून, ब्रशने डिझेल लावून सगळे अंग धुवावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. नीट सुकू द्यावे. मग सांध्यांवर चाळलेली राख किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. ट्रॅक्टर अर्धा तास चालवावा, नंतर बंद करून बॅटरी घेऊन पाहावे. जिथे राख सर्वांत वर ओली झाली, तिथून गळती सुरू होते. रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून खाली पुठ्ठा अंथरावा आणि पुठ्ठ्यावर पुढची-मागची चाके कुठे आली त्याची खूण करावी. सकाळी पुठ्ठा सगळे सांगतो.

डागाचा रंग आणि वासही पाहावा. काळे आणि पातळ असेल तर इंजिनचे ऑइल. मधासारखे, चिकट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरचे. डिझेल वासावरून आंधळाही ओळखील. गंजकट किंवा हिरवट पाणी असेल तर रेडिएटर किंवा वॉटर पंप. काडीवर दुधाळ चहासारखे ऑइल दिसले तर ऑइलमध्ये पाणी शिरले आहे. तो ट्रॅक्टर तिथेच बंद ठेवावा.

मॅसीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने १९३० च्या दशकात ट्रॅक्टरलाच हायड्रॉलिक जोडून अवजार उचलण्याची जी पद्धत रूढ केली, तिचाच हा वारसा. जुन्या मॅसीत हायड्रॉलिक आणि गिअर यांचे तेल एकच असते. त्यामुळे लिफ्ट हळू उचलू लागली तर गिअरचे ऑइलही कमी झाले असण्याची शक्यता धरावी.

ओल, थेंब आणि धार

प्रत्येक गळतीसाठी ट्रॅक्टर खोलायला निघालो तर शेती करायची कधी? म्हणून तीन वर्ग करावेत. नुसती ओल असेल, धूळ बसून काळी साय धरली असेल, तर पुसून ठेवावे आणि नजर ठेवावी. थेंब पडत असेल तर हंगामापूर्वीच्या कामात धरावे. धार असेल तर ट्रॅक्टर जागचा हलवू नये.

मात्र चार जागा अशा आहेत की तिथे ओलसुद्धा चालवून घेऊ नये. ब्रेक ड्रम, डिझेलचे प्रेशर पाइप, हायड्रॉलिकचे पाइप आणि तापलेल्या सायलेन्सरच्या आजूबाजूचा भाग. सायलेन्सरजवळ तेल, वर अडकलेले वाळले पाचट आणि मागे भरलेली ट्रॉली. आग लागायला आणखी काय हवे?

स्वस्त कामे आधी

कामाला सुरुवात करताना सर्वांत स्वस्त गोष्टीपासून करावी.

एक : ब्रीदर. इंजिन चालते तेव्हा थोडा गॅस रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. त्याची जाळी मळाने बुजली की आत दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर पडू पाहते. नवीन पॅकिंग बसवूनही महिन्यात गळती परत येते ती यामुळे. ब्रीदर डिझेलने धुवावा, त्याला पैसा लागत नाही. ब्रीदर साफ असूनही तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा-लायनर झिजले असे समजावे. मग बाहेरून कितीही आवळा, उपयोग नाही.

दोन : ऑइलची पातळी. "थोडं जास्त असलेलं बरं" असे म्हणून काडीच्या वरच्या खुणेपुढे ऑइल भरणे ही वाईट सवय आहे. जादा तेल सीलकडेच वाट काढते. गिअर आणि क्राऊनच्या तेलालाही हेच लागू. तिथे जास्त भरले की ते मागच्या ॲक्सलच्या सीलवरून ब्रेकमध्ये उतरते.

तीन : ड्रेन नट आणि फिल्टर. ड्रेन नटाखालचा तांब्याचा वायसर दर वेळी बदलावा किंवा निदान लाल तापवून गार करून मऊ करून घ्यावा. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली आहे का ते बोटाने पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर पहिल्या दाबालाच सगळे ऑइल बाहेर येते.

चार : टॅपेट कव्हर. पत्र्याचे कव्हर असल्यास बोल्ट जोर लावून आवळू नयेत. पत्रा वाकतो आणि मधली जागा उघडी पडते. कव्हर काढून कड सपाट करावी, नवे बुचाचे पॅकिंग घालावे आणि बोल्ट सारख्या ताकदीने, समोरासमोर आवळावेत.

पाच : पॅकिंग बदलताना जुना कागद छिन्नीने खरवडू नये. लोखंडावर ओरखडा पडला की तीच पुढची गळती. ब्लेड आणि थिनर वापरावे. तयार पॅकिंग मिळाले नाही तर जाड पॅकिंग कागद कव्हरवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेने हलके हलके ठोकीत गेले की बरोबर आकार कापला जातो. बोल्टची छिद्रेही तशीच पडतात. आपल्या भागातले जुने मिस्त्री हे काम अजून सुबक करतात. मुलांनी शिकून घ्यावे. शेलॅक किंवा सिलिकॉन पातळ लावावे. जास्त लावले तर त्याचे तुकडे आत सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी बुजवतात.

ऑइल सील बसवताना

सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जुने सील घेऊनच दुकानात जावे. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. ओठाला आधी ऑइल लावावे, कोरडे सील पहिल्या फेरीतच जळते. हातोडीने एका बाजूने ठोकू नये. लाकडी ठोकळा किंवा योग्य मापाचा पाइपचा तुकडा ठेवून सारखे आत दाबावे. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवे सील त्याच जागी टिकणार नाही. ते किंचित आत-बाहेर बसवावे, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी.

क्रँकच्या मागच्या सीलसाठी ट्रॅक्टर मधून खोलावाच लागतो. मजुरी लागते हे खरे. म्हणून एकदा खोलला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील ही सगळी कामे त्याच वेळी उरकावीत. दोनदा खोलण्यात शहाणपण नाही. आणि खालचे ते छिद्र मोकळे ठेवून पिन परत लावावी, हे मी नव्याने सांगायला नको!

ब्रेकमध्ये तेल गेले असेल तर सीलबरोबर लायनरही बदलावे. पेट्रोलने धुऊन, पेटवून लायनर "कोरडे" करण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. तेल आत मुरलेले असते, ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. ड्रममधली धूळही हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी. दोन्ही चाकांचे काम एकदमच करावे, नाहीतर माझ्यासारखा एकच ब्रेक धरील. रस्त्यावर चालताना दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेली असावी.

काडीवर ऑइल वाढले तर

गळती बाहेर दिसतेच असे नाही. डिझेलच्या फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल बाहेर न पडता आत चेंबरमध्ये उतरते. मग काडीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढते आणि मालक समजतो, इंजिन चांगले आहे, ऑइल पीत नाही! प्रत्यक्षात डिझेलने ऑइल पातळ झालेले असते आणि बेअरिंगची वाट लागत असते. पातळी फार वाढली तर इंजिन तेच मिश्रण ओढून घेते आणि बेफाम पळत सुटते, स्टॉप ओढूनही बंद होत नाही. काडी पुसताना ऑइल बोटावर घेऊन वास घ्यायची सवय ठेवावी.

हात लावू नका

हायड्रॉलिकचा पाइप किंवा डिझेलचा नोझल पाइप यांना बारीक चीर पडली की डोळ्याला न दिसणारा फवारा निघतो. तो शोधण्यासाठी कधीही बोट फिरवू नये. एवढ्या दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. बाहेरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही. पण आतले मांस सडून बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे आणि "तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची तर लांबून पुठ्ठा फिरवावा. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये. पाइप सुटला की ट्रॉली वेळ देत नाही.

साबण, सुतळी आणि इतर उपाय

डिझेलच्या टाकीला चीर पडली की धुण्याचा साबण चोळून आपण कारखाना गाठतो. वेळ मारून नेण्यापुरते ठीक आहे. पण साबणावर हंगाम काढणारेही महाभाग मी पाहिले आहेत. टाकी काढून झाळून घ्यावी. मात्र झाळण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी करून, वाफेने किंवा पाण्याने स्वच्छ धुतल्याशिवाय जवळ ज्योत आणू नये. रिकाम्या टाकीतील वाफच भडका घेते.

सील फुगावे म्हणून ऑइलमध्ये ब्रेक ऑइल ओतणे हाही एक उपाय कोणीतरी सांगतो. तो करू नये. सील आधी फुगते, मग मऊ होऊन गळून जाते. तसेच गळती कमी व्हावी म्हणून वाटेल ते जाड ऑइल भरू नये. थंडीत सकाळी ते वर चढायला वेळ घेते आणि तेवढा वेळ इंजिन कोरडे घासते. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरावे.

काळ्या ऑइलचे काय करावे?

काढलेले जळके ऑइल आपण बांधावर ओततो, कुंपणाच्या लाकडाला लावतो, काहीजण तर बैलाच्या जखमेवरही लावतात. त्या काळ्या तेलात धातूचे कण असतात आणि कॅन्सरला कारण होणारी द्रव्ये असतात. जनावराला किंवा स्वतःच्या अंगाला ते लावू नये, काम झाले की हात साबणाने धुवावेत. एक लिटर जळके ऑइल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकते असा अंदाज सांगितला जातो. आपली विहीर, आपला ओढा आणि खाली पैनगंगा, सगळे एकाच उताराला आहेत. घातक कचऱ्यासंबंधीचे २०१६ चे नियम असे सांगतात की वापरलेले तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. घरी पाच लिटरचा कॅन झाकण लावून ठेवावा, भरला की अशांना माल देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे पोचवावा.

शेवटी एक विनंती

ट्रॅक्टरच्या पेटीत एक साधी वही ठेवावी. रोज सकाळी इंजिन गार असताना, सपाट जागी काडी पाहावी आणि किती ऑइल घातले ते तारखेनिशी लिहावे. ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याच्याकडून लिहून घ्यावे. दोन दिवसांचे आकडे शेजारी दिसले की गळती वाढली की नाही हे कोणी सांगायची गरज उरत नाही. भरल्या ट्रॉलीला निघण्यापूर्वी, फडातच, मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक एक-एक करून दाबून पाहावेत. याला एक मिनिट लागते.

गव्हाणीत मोळी पडेपर्यंत ऊस सुखरूप पोचवणे हे आपले काम. पण त्या उसाबरोबर ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असतो, रस्त्यात शाळेतून येणारी पोरे असतात, समोरून मोटारसायकलवर कोणाचा तरी कर्ता माणूस येत असतो. त्यांचा आपल्या ऑइल सीलशी काही संबंध नाही असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते.

तेव्हा बंधूंनो, यंदा मोळी टाकायच्या आधी एक दिवस काढा. ट्रॅक्टर धुवा, राख भुरभुरा, खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी चहाच्या आधी तो पुठ्ठा बघा. कोणाला पॅकिंग कापायचे किंवा सील बसवायचे शिकायचे असेल तर इस्लापूरला घरी यावे. चाचा आता फारसे काम करीत नाहीत, पण बोलावले की येतात, खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या चुका काढतात. चहा आमच्याकडे.

आपला,
एक सभासद